पट्टीत न मावलेली वाडी

आमच्या ग्रामस्थ मंडळाचं ॲप काढायची कल्पना कोणाची, हे आता कोणी कबूल करत नाही. सगळं सुरळीत होतं तेव्हा मात्र जो तो ती आपलीच म्हणून सांगत होता. मी मंडळाचा चिटणीस, चंद्रप्रकाश. राहतो मुलुंडला, गाव कोकणात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मी इतका विटलो होतो की ॲप नको, कबुतरं पाळू, असं कोणी म्हटलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. शिमग्याची पालखी कधी निघणार एवढंच विचारावं, तर उत्तराआधी गुलाबाची फुलं, सुविचार आणि कोणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस.

ॲप करायला मानसी होती. देऊळवाडीची पोर, आईवडील घाटकोपरला, स्वतः अंधेरीच्या एका कंपनीत हेच काम करते. हुशार, आणि गावाची ओढ असलेली. तिच्या वयाच्या पोरांत ही दुसरी गोष्ट सापडणं कठीण झालंय.

गावाबद्दल आधी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पोरकट वाटेल. आमच्या गावात वाड्या चार. देऊळवाडी, वरचीवाडी, मधलीवाडी या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, एका अंगाला आणि पल्याडवाडी व्हाळापलीकडे. शिमग्यात देवीची पालखी घराघरात जाते, घरची बाई तिची ओटी भरते. पण पालखी व्हाळ ओलांडत नाही. पल्याडवाडीने सहाणेवर यायचं, म्हणजे गावातल्या ज्या चौथऱ्यावर पालखी बसते तिथे, आणि चारचौघांत ओटी भरून परत जायचं. व्हाळावर साकव नाही म्हणून पालखी जात नाही, असं आमचे लोक सांगत. मग लाकडी साकव झाला. मग सिमेंटचा झाला. तरी पालखी गेली नाही. आमच्या लोकांनी नवीन कारण शोधायचीसुद्धा तसदी घेतली नाही, याचा मला आजही राग येतो. पल्याडवाडीने वैतागून मुंबईत आपलं वेगळं मंडळ काढलं, तेही आमचे बाप गिरणीत कामाला होते त्या काळात.

हे जोडायचा ध्यास घेतला जयवंतने. जयवंत पल्याडवाडीचा, माझा शाळेतला सोबती, आता नाहूरला राहतो. भांडुपच्या कारखान्यातून निवृत्त झाला. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात. हा बोरिवलीपासून कांजूरपर्यंत आपल्या वाडीच्या लोकांचे उंबरे झिजवत फिरला. भांडणं विसरा, दोन्ही मंडळं एक करू, पालखी आपल्याकडे आणू. एकदा मी त्याला विचारलं, कशाला एवढी उरस्फोड करतोस रे? तर म्हणाला, "सुगंधा लग्न होऊन आली तेव्हापासून एकच मागते. देवीची ओटी माझ्या घरात भरायचीय. दुसरं काय मागितलं नाय रे तिने कधी."

आमच्या बाजूची माणसंही अखेर वळली. ठरलं ते असं. पल्याडवाडीने मंडळाच्या सभेत नारळविडा ठेवायचा, म्हणजे पालखीला रीतसर बोलावणं, आणि यंदाच्या शिमग्यात पालखी साकव ओलांडणार. ज्या वाडीचा विडा नाही तिथे पालखी नाही, हा रिवाज. विडा वाडीचा लागतो, एकट्यादुकट्या घराचा चालत नाही. त्याच सभेत ॲपचंही उद्घाटन करायचं, म्हणजे एकी झाली हे सगळ्यांना हातात बघायला मिळेल. ही शेवटची कल्पना माझी होती, ती मी नाकारत नाही.

जानेवारीत एका रविवारी आम्ही माझ्या घरी बसलो. मानसी, जयवंत, मी आणि अध्यक्ष दशरथ. दशरथ वरचीवाडीचा. मनाने वाईट नाही, पण फोटोत मधे उभं राहिल्याशिवाय त्याला फोटो काढल्यासारखा वाटत नाही.

मानसीने लॅपटॉप उघडला. "काका, एका पानावरनं दुसऱ्यावर जायचं कसं, ते आधी ठरवू. नंतर बदलायचं म्हटलं तर माझी वाट लागेल. दोन पद्धती आहेत. एक, पहिल्या पानावर वाड्यांची यादी. नावावर बोट ठेवलं की त्या वाडीचं पान वर चढतं. मागे आलात की ते उतरतं, खाली यादी असतेच. दुसरी, खाली एक पट्टी. त्यात सगळी नावं कायम दिसणार. कुठूनही कुठल्याही वाडीत थेट जायचं."

"यादी बरी," दशरथ म्हणाला. "म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळते. आत गेलो, बाहेर आलो."

मलाही यादीच बरी वाटली होती. पण जयवंत दोन्ही चित्रं बराच वेळ बघत बसला. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"यादी म्हटली की वर कोण नि खाली कोण हे आलंच," तो म्हणाला. "पट्टीत सगळी एका उंचीवर. आमच्या वाडीला शोधत आत जावं लागत नाय. मला पट्टी हवी गो."

दशरथ हसला, पण हो म्हणाला. मग मानसीने विचारलं, "पट्टीत क्रम कसा लावू?" आणि तिथे घोडं अडलं. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबलेत. जयवंतनेच ती अडचण सोडवली.

"देऊळवाडी आधी, देवीचं स्थान तिकडे. मग वरची, मग मधली. आमची शेवटी लाव. पालखीपण शेवटीच येणार ना आमच्यात? पण ओळीत असू दे, बस."

तो हे इतक्या सहज म्हणाला की मला त्याचा अभिमान वाटला. मोठेपणा याला म्हणतात, असं मी रात्री बायकोलाही सांगितलं.

मानसीने तसं केलं. 'गाव' नावाचं पहिलं पान, जिथे तारखा आणि सूचना, आणि पुढे चार वाड्या. पट्टीत पाच नावं. दोन प्रकारच्या फोनांसाठी दोनदा लिहावं लागत नाही, एकदाच लिहिलं की अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही, असं ती म्हणाली होती. तरी तिने ऑफिसच्या आयफोनवर टाकून बघितलं. झकास दिसतंय काका, असा मला मेसेज आला.

सभा दोन दिवसांवर आली आणि दशरथला आठवलं की ॲपमध्ये कार्यकारिणी कुठेच नाही. म्हणजे तो नाही. त्याने मला आणि मानसीला एकत्र फोन लावला.

"अगं, एवढी माणसं राबतात, त्यांचे फोटो नकोत?"

"टाकते ना काका. 'गाव'च्या पानात एक ओळ देते. दाबली की कार्यकारिणी उघडेल, मागे आलं की परत गाव."

"म्हणजे आत?" दशरथचा आवाज चढला. "लोकांनी आम्हाला शोधत आत यायचं? पट्टीत बसव."

"काका, सहा जास्त होतात हो. पट्टी पाचपर्यंतच बरी असते."

"अक्षर बारीक कर. बसव गं, तू एवढी शिकलेली."

मी मधे काही बोललो नाही. माझाही फोटो होता, खोटं कशाला बोलू. मानसीने सहावं नाव घातलं. तिच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर सहाही नावं दाटीवाटीने बसली. ऑफिसचा आयफोन ऑफिसात होता, आणि शनिवारी ऑफिस बंद. आपल्या मंडळात कुठे कोणाकडे आयफोन आहे, असं आम्हीच तिला म्हणालो.

सभा कांजूरमार्गच्या एका हॉलमध्ये. पल्याडवाडीची माणसं एवढ्या संख्येने मी आमच्या सभेला कधी पाहिली नव्हती. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. सुगंधावहिनी पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून जागा करून देत होत्या, जणू त्यांच्याच घरचं कार्य. जयवंतचा मुलगा सुयोग विड्याचं ताट घेऊन आला. सुयोगला ही एकी मुळातच पटलेली नव्हती. त्या तीन वाड्यांचे लोक आयत्या वेळी पलटी मारणार बाबा, हे तो घरात रोज म्हणायचा, असं जयवंतनेच मला सांगितलं होतं. तरी बापाच्या शब्दाखातर त्याने ताट हातात धरलं होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं. आधी ॲप, मग विडा, असं ठरलं होतं.

दशरथने भाषण केलं. मानसीने सगळ्यांना ॲप फोनवर घ्यायला सांगितलं. हॉलभर माना खाली गेल्या. कोणी हसत होतं, कोणी आपल्या वाडीच्या पानावर आजोबांचा फोटो सापडला म्हणून शेजाऱ्याला दाखवत होतं. मला वाटलं, झालं, जमलं.

"बाबा," सुयोगचा आवाज आला. "आपली वाडी कुठाय?"

जयवंत आपला जुना फोन घेऊन कौतुकाने त्याच्याकडे गेला. "ही काय. मधलीच्या शेजारी."

"तुमच्यात. माझ्यात बघा."

सुयोगकडे आयफोन होता. हप्त्यावर घेतलेला, पण होता. त्याच्या पट्टीत गाव, देऊळवाडी, वरचीवाडी, मधलीवाडी, आणि शेवटी तीन टिंबं. खाली इंग्रजीत 'मोअर'. ती टिंबं दाबली की एक यादी उघडत होती. त्या यादीत पल्याडवाडी, आणि तिच्याखाली कार्यकारिणी. वाडीतल्या आणखी दोघातिघांकडे तसेच फोन निघाले. आम्हाला काय माहीत होतं त्यांच्याकडे कुठले फोन आहेत ते! आम्ही कधी त्यांच्या घरी गेलो होतो का?

फोन हातोहात फिरला. बायकांपर्यंत गेला. सुयोग ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे म्हाताऱ्याला दाखवायला एक, आणि आम्हाला दुसरं," तो म्हणाला. "व्हाळापलीकडे ठेवायची सवय जात नाही ना यांची."

मानसी धावत आली. "सुयोगदादा, तसं नाहीये रे. मी दोन्हीकडे एकच लिहिलंय. पट्टी ज्याचा त्याचा फोन काढतो. आयफोन पाचाच्या वर घेत नाही, पहिली चार ठेवतो आणि बाकीची मोअरमध्ये ढकलतो. आज संध्याकाळपर्यंत नीट करते, शप्पथ."

"फोन ढकलतो? ठीक आहे. पण शेवटी कोण, हे फोनला कोणी सांगितलं? देऊळवाडी का नाही ढकलली गेली?"

याचं उत्तर मला माहीत होतं, दशरथला माहीत होतं, मानसीला माहीत होतं. मानसीने माझ्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं असतं तर तिची सुटका झाली असती. पण बोलला जयवंत.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "आमची शेवटी लाव, असं मीच म्हणालो तिला."

खरं बोलण्याची ती वेळ नव्हती रे, असं मला त्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं. पण पोरीवर आळ येतोय म्हटल्यावर गप्प बसणारा तो माणूस नव्हता. पल्याडवाडीची सगळी माणसं आता त्याच्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला अजून आठवतं. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "जयवंता, आमका इचारलंस?"

जयवंतने विचारलं नव्हतंच. चांगुलपणात माणूस विचारायचं विसरतो.

सुयोगने टेबलावरचं ताट उचललं. नारळ, विडा, सगळं जसं आणलं होतं तसं. त्याच्या मागोमाग ओळीच्या ओळी उठल्या. सुगंधावहिनी थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, एकदा नवऱ्याकडे आणि एकदा ताटाकडे बघत. मग त्याही पदर सावरून उठल्या. दशरथ माइकवरून बसा, बसा म्हणत होता. कोणी बसलं नाही.

मानसीने शब्द पाळला. त्याच संध्याकाळी तिने कार्यकारिणी पट्टीतून काढून 'गाव'च्या पानाआत नेली, जिथे ती आधीपासून नेणार होती. दशरथ उलट स्वतःचा फोटोच काढून टाक म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. नवं रूप सगळ्यांच्या फोनवर पोचलं. पाच नावं, कुठल्याही फोनवर, एका ओळीत. एवढ्या एका पानाची जागा बदलायला तिला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नव्हता, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी तिला म्हटलं, तू चुकली नाहीस गं. ती म्हणाली, "काका, मी एकदा फोन मागवून बघायला हवं होतं. एवढंच तर काम आहे माझं."

पल्याडवाडीची वेगळी सभा झाली. यंदा विडा नाही, आणि मंडळही आपलं आपल्यापाशी, असं ठरलं. आम्ही जाऊन माफी मागितली, चहा मिळाला, निर्णय बदलला नाही. मग मी एक वेडेपणा केला. देऊळवाडीच्या मानकऱ्यांना गळ घालून, रिवाज मोडून, पालखी फक्त जयवंतच्या घरी न्यायची तयारी करून घेतली. जयवंतला फोनवर सांगितलं.

"नको रे प्रकाश," तो म्हणाला. "अख्खी वाडी दारं लावून बसलेली, नि मी एकटा पालखी नाचवू? तोंड कुणाला दाखवू मग?"

शिमगा तोंडावर आला तेव्हा त्याने मला आणि मानसीला नाहूरला बोलावलं. दुपारची वेळ. सुयोगही घरी होता. त्याने दार उघडलं, या म्हणाला, मानसीला पाणी आणून दिलं. तिच्यावर राग नाही, हे त्याला तेवढ्यातून सांगायचं असावं.

जयवंत वाळला होता. त्याने सुयोगचा फोन मागून घेतला आणि ॲप उघडलं. पट्टीवरून बोट हळूहळू फिरवत नेलं. गाव, देऊळवाडी, वरची, मधली, पल्याडवाडी.

"अशीच हवी होती गो मला," तो मानसीला म्हणाला. "छान केलंस."

मानसीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं असावं, आता काहीतरी सुटेल. मलाही क्षणभर वाटलं.

"आता आमची काढून टाक," जयवंत म्हणाला. "वाडीने ठरवलंय. मला सांगितलंय तुला निरोप द्यायला."

"काका, राहू दे ना. कोणाला काय त्रास होतोय? पुढच्या वर्षी..."

"मागच्या वेळी मी वाडीला न विचारता बोललो. या वेळी वाडी सांगते तेवढंच बोलायचं."

मी सुयोगकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्याला त्याचा आनंद नव्हता, एवढं तरी मला कळलं. मानसीने लॅपटॉप मांडीवर घेतला. एक नाव काढायला किती वेळ लागतो? काढलं. पट्टीत चार नावं राहिली, आणि ती उरलेल्या जागेत आपोआप ऐसपैस पसरली. ज्याने आधी पाहिलं नाही त्याला इथे कधी पाचवं होतं असं वाटणार नाही, इतकी ती नीट दिसत होती. मला त्या नीटपणाची शिसारी आली.

आम्ही निघालो तेव्हा सुगंधावहिनी आतून एक कापडी पिशवी घेऊन आल्या. वर खण दिसत होता, हिरवा, जरीकाठाचा. घाटकोपरच्या बाजारातून त्यांनी तो दिवाळीआधीच आणून ठेवला होता, हे जयवंतकडून मला ठाऊक होतं. सोबत नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं बांधलेलं.

"भावोजी, आम्ही यंदा गावी जात नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाताय. तुमच्या मंडळींना सांगा, सहाणेवर तेवढी ओटी भरायला."

"बायको भरेल ना वहिनी. तुमच्या नावाने भरेल."

"माझ्या नको." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, पण तिचे बंद हातातून सोडले नाहीत. "गुरव विचारतो ना, ओटी कोणाची? तेव्हा पल्याडवाडीची म्हणून सांगा. आणि इथे कोणाला बोलू नका."

सुयोग तिथेच उभा होता. त्याने ऐकलं, आणि पिशवी माझ्याकडून घेऊन रिक्षापर्यंत आणून दिली.